विश्लेषण : नेटवर्कमधला घुसखोर ‘विचित्र’ ट्रॅफिकवरून कसा ओळखतात? कॉसमॉस बँकेच्या ९४ कोटींनी काय शिकवले?

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला, की नाशिककरांच्या मोबाइलवर क्युसेकचे आकडे फिरू लागतात. गोदाघाटावर लोक दुतोंड्या मारुतीकडे पाहून पुराचा अंदाज घेतात. पाणी गुडघ्याला आले, कमरेला आले, छातीला लागले. पण मारुतीच्या कमरेला पाणी लागेपर्यंत थांबणाऱ्या दुकानदाराचा माल तोवर भिजलेला असतो. जाणता दुकानदार धरणावरचा आकडा ऐकूनच सामान हलवतो.

संगणकांच्या जाळ्यात शिरलेला चोर शोधण्याची एक महत्त्वाची पद्धत याच हिशेबावर चालते. नुकसान दिसण्याची वाट न पाहता प्रवाह मोजायचा आणि तो नेहमीपेक्षा वेगळा वाटला की कारण शोधायचे.

अशोक स्तंभापासून धरणाच्या दिशेने जाणाऱ्या गंगापूर रोडवर रुग्णालये, महाविद्यालये, कोचिंग क्लास, सीए कार्यालये, बँकांच्या शाखा आणि पतसंस्था आहेत. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक राउटर लुकलुकत असतो. त्यातून रात्रंदिवस काय जाते-येते, हे किती जण पाहतात? या प्रश्नाची किंमत महाराष्ट्रातल्या एका जुन्या सहकारी बँकेने ९४ कोटी रुपयांना मोजली आहे.

कॉसमॉस बँकेत नेमके काय घडले?

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची स्थापना १९०६ मधली. ११ ऑगस्ट २०१८ रोजी बँकेवर सायबर हल्ला झाला. तो दिवस महिन्यातला दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकांना सुटी.

त्या दिवशी काही तासांत बनावट, म्हणजे ‘क्लोन’ केलेली कार्डे वापरून जगभरातल्या एटीएममधून पैसे काढले गेले. परदेशात २८ देशांमध्ये सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी रुपये गेले. भारतातही सुमारे २,८०० व्यवहार झाले आणि अडीच कोटी रुपये काढले गेले. या ठिकाणांमध्ये कोल्हापूरही होते.

एवढ्यावर हे थांबले नाही. सोमवारी, १३ ऑगस्टला, आंतरराष्ट्रीय रक्कम हस्तांतराच्या ‘स्विफ्ट’ यंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधल्या एका कंपनीच्या खात्यात वळवले गेले. एकूण आकडा झाला ९४ कोटी ४२ लाख. ग्राहकांच्या खात्यांतून पैसे गेलेले नाहीत, असे बँकेने तेव्हा स्पष्ट केले होते. म्हणजे हा फटका थेट बँकेच्या पैशाला बसला.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०१९ च्या अहवालात या हल्ल्याचा उल्लेख उत्तर कोरियाशी संबंधित सायबर कारवायांमध्ये केला. पुण्यातील न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवले. ही मंडळी प्रामुख्याने एटीएमवर जाऊन पैसे काढणाऱ्या साखळीतली होती.

एवढे व्यवहार मंजूर झालेच कसे?

एटीएममध्ये कार्ड घातले की पैसे देण्याआधी यंत्र बँकेला विचारते : हे कार्ड खरे आहे का, पिन जुळतो का, खात्यात पैसे आहेत का? हा प्रश्न आधी ‘एटीएम स्विच’ नावाच्या सर्व्हरकडे जातो. तिथून तो बँकेच्या मुख्य खातेवहीकडे, म्हणजे कोअर बँकिंग प्रणालीकडे पोहोचतो. तिचे उत्तर त्याच वाटेने परत येते.

हल्लेखोरांनी या वाटेत स्वतःचा बनावट स्विच उभा केला. क्लोन कार्डांबद्दलचे प्रश्न खातेवहीपर्यंत पोहोचलेच नाहीत. मधल्या मध्ये बनावट स्विचच ‘मंजूर’ असे उत्तर देत राहिला. चेकवर सही जुळते का हे तपासायला चेक साहेबांकडे पाठवावा आणि दारातल्या तोतयानेच शिक्का मारून तो परत द्यावा, असा हा प्रकार. एटीएमच्या दृष्टीने सारे नियमाप्रमाणे चालले होते.

असा हल्ला एका दुपारी उभा राहत नाही. त्याआधी चोराला जाळ्यात शिरावे लागते, कुठला सर्व्हर कोणाशी बोलतो हे शिकावे लागते, आपले प्रोग्राम आत आणावे लागतात आणि बाहेरून त्यांना हुकूम द्यावे लागतात. यातले प्रत्येक काम तारेवरूनच होते. म्हणून प्रत्येक कामाचा माग तारेवर राहतो.

‘ट्रॅफिक’ पाहतात म्हणजे काय पाहतात?

नेटवर्कवरून जाणारी माहिती छोट्या छोट्या पाकिटांत विभागलेली असते. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्या यंत्राचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि कोणत्या सेवेसाठी ते पाकीट आहे, याची खूण असते. या खुणेला पोर्ट म्हणतात.

आज बहुतेक मजकूर कूटबद्ध असतो. पाकीट उघडले तरी आतले वाचता येत नाही. पण पोस्टमनला पत्र न वाचताही बरेच काही कळते. कोणाला कोणाची पत्रे येतात, किती जाड, किती वेळा, कोणत्या गावाहून. नेटवर्कवर देखरेख करणारी यंत्रणा मुख्यतः हेच पाहते.

या माहितीच्या सारांशाला ‘फ्लो’ची नोंद म्हणतात. या यंत्राने त्या यंत्राशी, इतके वाजता, इतका वेळ, इतक्या बाइटची देवाणघेवाण केली, एवढे एका ओळीत. टेलिफोनच्या बिलासारखे : कोणाला फोन केला आणि किती मिनिटे, हे कळते, काय बोलणे झाले, हे कळत नाही. सर्व पाकिटे साठवायला प्रचंड जागा लागते. फ्लोच्या नोंदी मात्र महिनोन् महिने ठेवता येतात. कार्यालये आणि बँकांसाठीचे अनेक राउटर आणि फायरवॉल अशा नोंदी देऊ शकतात.

‘नेहमीचे’ काय, हे कसे ठरते?

घुसखोरी ओळखण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिली खुणेवरून ओळखण्याची. पोलीस ठाण्यातल्या फलकावर सराईत चोरांची छायाचित्रे असतात, तशी माहीत असलेल्या हल्ल्यांची यादी यंत्रणेकडे असते. तशी खूण दिसली की इशारा. ही रीत वेगवान आणि नेमकी आहे. पण फलकावर फोटो नसलेला चोर समोरून निघून जातो.

दुसरी रीत वेगळेपणावरून ओळखण्याची. इथे चोर कसा दिसतो हे माहीत नसले तरी चालते. घर नेहमी कसे असते, हे माहीत असावे लागते. यंत्रणा काही आठवडे नुसती पाहते. कोणते यंत्र दिवसाला किती माहिती पाठवते, कोणाशी बोलते, कोणत्या वेळी गप्प असते. यातून तयार होणाऱ्या चित्राला आधाररेषा, म्हणजे ‘बेसलाइन’ म्हणतात. नंतर रोजचे ट्रॅफिक या चित्राशी ताडून पाहिले जाते.

समजा, गंगापूर रोडवर एक मध्यम आकाराचे रुग्णालय आहे. सकाळी दहा ते दुपारी दोन ओपीडीची गर्दी, त्यामुळे नोंदणीच्या संगणकावर धावपळ. एक्स-रे विभागातून मोठ्या फाइली डॉक्टरांच्या संगणकावर जातात. रात्री अकराला बॅकअप होतो. त्यानंतर आपत्कालीन विभाग सोडला तर शांतता. ही झाली आधाररेषा. आता नोंदणीचा संगणक पहाटे अडीचला परदेशातल्या एखाद्या पत्त्यावर दोन जीबी माहिती पाठवू लागला, तर त्या पत्त्याचे नाव कोणत्याही काळ्या यादीत नसले तरी प्रश्न उभा राहतो : त्या खुर्चीवर त्या वेळी कोणीही नसताना हे कोण पाठवत आहे?

शहरांचा पाणीपुरवठाही याच रीतीने तपासला जातो. मध्यरात्रीनंतर सगळे झोपलेले असतात, तेव्हा एखाद्या भागाच्या मुख्य जलवाहिनीतून प्रवाह कमी व्हायला हवा. तो कमी होत नसेल, तर पाणी कुठे तरी गळत आहे किंवा चोरले जात आहे. गळती शोधण्याची खरी वेळ रात्रीची, हे पाण्याला लागू आहे तसे डेटालाही.

कोणत्या खुणांवरून संशय येतो?

ठरावीक अंतराने बाहेर जाणारी हाक : संगणकात शिरलेला घातक प्रोग्राम आपल्या मालकाला अधूनमधून विचारतो, ‘काही हुकूम?’ माणूस संकेतस्थळे पाहताना कधी दोन मिनिटांनी क्लिक करतो, कधी चहा प्यायला उठतो. दर साठ सेकंदांनी, रात्रभर, तेवढ्याच आकाराचे पाकीट एकाच पत्त्यावर जात असेल, तर ते माणसाचे काम नाही. अर्थात अद्ययावत होणारी अनेक निर्दोष सॉफ्टवेअरही असेच करतात. म्हणून पत्ता कोणाचा, हे पुढे तपासावे लागते.

आतल्या आत ठोठावली जाणारी दारे : स्वागतकक्षातल्या संगणकाला प्रिंटर आणि एका सर्व्हरशीच काम असते. तो अचानक जाळ्यातल्या पन्नास यंत्रांची दारे एकामागून एक ठोठावू लागला, तर कोणी तरी आतला नकाशा काढत आहे. चोर सहसा तिजोरीच्या खोलीत थेट उतरत नाही. एखाद्या साध्या संगणकातून शिरतो आणि आतून पुढे सरकतो. म्हणून फक्त बाहेरच्या दारावर पहारा पुरत नाही.

उलटलेले प्रमाण : कार्यालयातला साधा संगणक बाहेरून जास्त घेतो आणि बाहेर कमी पाठवतो. हे प्रमाण उलटले, तर माहिती बाहेर नेली जात असण्याची शक्यता असते.

नावे विचारण्याच्या यंत्रणेचा गैरवापर : संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी ‘डीएनएस’ ही इंटरनेटची चौकशी खिडकी. ती बहुधा सगळीकडे उघडी असते. चोर लांबलचक, निरर्थक नावांच्या चौकशीत चोरीची माहिती तुकड्या-तुकड्यांनी दडवतो. एकाच संगणकाकडून अशा हजारो चौकश्या गेल्या, तर लक्ष द्यावे लागते.

सोसायटीतला सीसीटीव्हीही यातून सुटलेला नाही. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. कारण त्यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या एकत्रित माऱ्याने अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. कॅमेऱ्याच्या मालकाला चित्र नेहमीसारखेच दिसत होते. डीव्हीआर बाहेर कोणाशी बोलतो आहे, हे राउटरच्या नोंदीतच कळले असते.

कॉसमॉसच्या प्रकरणात ‘विचित्र’ काय होते?

पहिली विसंगती भूगोलाची. पुण्यातल्या सहकारी बँकेची कार्डे एकाच दिवशी, काही तासांत, २८ देशांत चालणे हे नेहमीच्या चित्रात बसत नाही. दुसरी रकमेची. ७८ कोटींना १२ हजार व्यवहारांनी भागले, तर एका व्यवहाराला सरासरी ६५ हजार रुपये येतात. तिसरी वेळेची. दुसऱ्या शनिवारच्या दिवशी हे घडत होते.

चौथी विसंगती सर्वांत महत्त्वाची आणि सहज नजरेतून सुटणारी आहे : शांतता. एटीएमकडे ‘मंजूर’ची उत्तरे जात होती, पण त्या व्यवहारांचे प्रश्न खातेवहीकडे येत नव्हते. विचित्र ट्रॅफिक म्हटले की आपण जादा ट्रॅफिकचाच विचार करतो. जे यायला हवे ते न येणे हीसुद्धा तेवढीच मोठी खूण असते.

नाशिकमध्ये पुराच्या वेळी गोदावरीचा प्रवाह दोन ठिकाणी सांगितला जातो : धरणातून किती सोडला आणि होळकर पुलाखालून किती वाहतो आहे. दोन्हींत फरक पडला, तर तो मधल्या नाल्यांच्या आणि शहरातल्या पावसाच्या पाण्याने समजावून सांगता येतो. तसा दोन टोकांचा ताळमेळ बँकेतही घालता येतो. स्विचने किती व्यवहार मंजूर केले आणि खातेवहीत किती नोंदले गेले? हा हिशेब दिवसाअखेर घातला, तर चोरी दुसऱ्या दिवशी कळते. दर मिनिटाला घातला, तर ती चालू असताना कळते.

सुटीचा दिवस निवडण्यामागेही हिशेब असतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून ८ कोटी १० लाख डॉलर ‘स्विफ्ट’मार्गे पळवले गेले. तिथे शुक्रवार-शनिवार सुटी असते. चोरीचे संदेश गुरुवारी रात्री सुटले. कॉसमॉसच्या आदल्या दिवशी, १० ऑगस्ट २०१८ रोजी, अमेरिकेच्या ‘एफबीआय’ने क्लोन कार्डांद्वारे एटीएममधून मोठ्या प्रमाणात पैसे काढले जाण्याचा गोपनीय इशारा बँकांना दिला होता. ही माहिती १२ ऑगस्टला प्रसिद्ध झाली.

आणखी एक धडा तारखांमध्येच आहे. एटीएमचा हल्ला ११ तारखेचा, ‘स्विफ्ट’चा १३ तारखेचा. घरात चोर एका खोलीत दिसला, की बाकीच्या खोल्याही त्याने पाहिल्या आहेत असे धरूनच चालावे लागते. कोणते यंत्र कोणाकोणाशी बोलले, याच्या जुन्या नोंदी असतील तरच त्याच्या वाटेचा माग निघतो.

ही कल्पना आली कुठून?

१९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टोल यांच्याकडे तो शोधण्याचे काम आले. एवढ्या क्षुल्लक रकमेकडे दुर्लक्ष करता आले असते. त्यांनी येणाऱ्या दूरध्वनी जोडण्यांना प्रिंटर लावले आणि घुसखोराचा प्रत्येक शब्द कागदावर उतरवला. माग निघाला तो पश्चिम जर्मनीपर्यंत. अमेरिकी लष्करी संगणकांतली माहिती सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला विकणारी टोळी त्यामागे निघाली.

त्याच सुमारास संगणकशास्त्रज्ञ डोरोथी डेनिंग यांनी १९८७ मध्ये घुसखोरी ओळखण्याचे एक प्रारूप मांडले. घुसखोराचे वागणे नेहमीच्या वापरकर्त्यापेक्षा वेगळे असते आणि ते आकडेवारीने पकडता येते, हे त्याचे सूत्र. पुढे १९९० च्या दशकात ‘ब्रो’ (आताचे नाव ‘झीक’) आणि ‘स्नॉर्ट’ या मोफत प्रणाली आल्या. त्या आजही वापरल्या जातात. आता यंत्रशिक्षण आणि एआय यांची भर पडली आहे. मूळ प्रश्न मात्र तोच : हे नेहमीचे आहे का?

मग प्रत्येक घुसखोर सापडतो का?

नाही. याचे एक कारण साध्या गणितात आहे. समजा, एखाद्या संस्थेत दिवसाला दहा लाख जोडण्या होतात आणि त्यातल्या फक्त दहा वाईट आहेत. यंत्रणा ९९ टक्के अचूक आहे. वाईट दहाही ती बहुधा पकडेल. पण चांगल्या जोडण्यांपैकी एक टक्का, म्हणजे सुमारे दहा हजार, तिला चुकून वाईट वाटतील. हजार इशाऱ्यांमागे एक खरा. प्रत्येक इशारा तपासायला पाच मिनिटे धरली, तर रोज शंभराहून अधिक माणसे लागतील.

एवढी माणसे कोणाकडेच नसतात. मग इशाऱ्यांचा आवाज बंद केला जातो किंवा त्यांच्याकडे पाहणेच थांबते. रोज विनाकारण वाजणाऱ्या गाडीच्या अलार्मकडे सोसायटीत कोणी वळून पाहत नाही, तसे. म्हणून किती इशारे आले, यापेक्षा कोणते इशारे माणसापर्यंत पोहोचावेत, हे ठरवण्यात तज्ज्ञांचा वेळ जातो. एकट्या खुणेवर न जाता दोन-तीन खुणा एकाच यंत्रावर जुळल्या की इशारा वरच्या पायरीवर नेला जातो.

दुसरी अडचण म्हणजे ‘नेहमीचे’ बदलत राहते. महाविद्यालयात प्रवेशाच्या दिवसांत, बँकेत ३१ मार्चला, बाजार समितीत कांद्याच्या हंगामात ट्रॅफिक एकदम वाढते. सिंहस्थात तर सगळ्या शहराची आधाररेषाच बदलते. जुन्या चित्राशी ताडले तर सगळेच संशयास्पद दिसेल. आणि यंत्रणा रोज नवे चित्र शिकत राहिली, तर सावकाश पाऊल टाकणारा चोरही हळूहळू ‘नेहमीचा’ होऊन जातो. देखरेख सुरू होण्याआधीच तो आत असेल, तर आधाररेषा त्याच्यासकटच आखली जाते.

तिसरी अडचण घरच्याच हत्यारांची. अनेक हल्लेखोर आता स्वतःचे प्रोग्राम कमी आणतात. चोरलेल्या पासवर्डने आत येतात आणि संस्थेचीच प्रशासकीय साधने वापरतात. किल्ली लावून आलेल्याला चोर ठरवणे कठीण असते.

तरीही परिस्थिती सुधारली आहे. सायबरसुरक्षा कंपनी ‘मँडियंट’च्या पाहणीनुसार, हल्लेखोर आत शिरल्यापासून उघड होईपर्यंतचा मध्यक कालावधी २०११ मध्ये ४१६ दिवस होता. २०२३ मध्ये तो १० दिवसांवर आला. मात्र यात खंडणीखोर टोळ्यांचाही वाटा आहे. त्या फाइली बंद करून स्वतःच चिठ्ठी ठेवतात, त्यामुळे हल्ला लवकर ‘सापडतो’.

नियम काय सांगतात?

कॉसमॉस हल्ल्यानंतर दोन महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबरसुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. ३१ डिसेंबर २०१९ रोजी तिचा विस्तार झाला. बँकांची त्यांच्या डिजिटल व्यवहारांनुसार चार स्तरांत विभागणी झाली. सर्वांत वरच्या स्तरातल्या बँकांना सतत देखरेख ठेवणारे सायबरसुरक्षा केंद्र बंधनकारक झाले.

‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. यंत्रणांच्या नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस जपावे लागतात. सगळ्या यंत्रांची घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवावी लागतात. शेवटची अट किरकोळ वाटते. पण राउटरचे घड्याळ सात मिनिटे पुढे आणि सर्व्हरचे चार मिनिटे मागे असेल, तर आधी काय घडले आणि नंतर काय, हेच तपासात सांगता येत नाही.

लहान बँका बहुधा सामायिक सेवा पुरवठादारावर अवलंबून असतात. जुलै २०२४ च्या अखेरीस ‘सी-एज टेक्नॉलॉजीज’ या पुरवठादारावर रॅन्समवेअर हल्ला झाल्याचे समोर येताच ‘एनपीसीआय’ने त्याला किरकोळ देयक व्यवस्थेपासून तात्पुरते तोडले. सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांची ‘यूपीआय’सारखी सेवा खोळंबली. गैरसोय झाली, पण संशयित भाग वेळीच वेगळा करणे हाच देखरेखीचा खरा उपयोग असतो.

कर्मचाऱ्यांच्या खासगीपणाचे काय?

कार्यालयाच्या नेटवर्कवर देखरेख म्हणजे प्रत्येकाचे संदेश वाचणे नव्हे. फ्लोच्या नोंदीत मजकूर नसतो. पण कोण कोणत्या संकेतस्थळावर किती वेळ होता, हे त्यातून कळू शकते. म्हणून काय नोंदले जाते, कोण पाहू शकते आणि किती दिवस ठेवले जाते, हे कर्मचाऱ्यांना लेखी सांगणे योग्य. पाहुण्यांसाठीचे वाय-फाय कामाच्या जाळ्यापासून वेगळे ठेवले, तर खासगीपणाचा आणि सुरक्षेचा, दोन्ही प्रश्न बऱ्याच अंशी सुटतात.

लहान संस्थेला हे जमेल का?

पतसंस्था, दवाखाना किंवा सीए कार्यालयाला स्वतःचे देखरेख केंद्र परवडणार नाही. पण काही गोष्टी कमी खर्चात होतात.

पहिली म्हणजे यादी. जाळ्याला किती यंत्रे जोडली आहेत? संगणक, प्रिंटर, कॅमेरे, बायोमेट्रिक हजेरी, मोबाइल. यादीत नसलेले यंत्र दिसले, तर तीच पहिली विसंगती.

दुसरी म्हणजे नोंदी. राउटर किंवा फायरवॉलमध्ये लॉग ठेवण्याची सोय सुरू करावी आणि ते त्याच यंत्रात न ठेवता दुसरीकडे साठवावेत. चोर आधी नोंदीच पुसतो.

तिसरी म्हणजे विभागणी. कॅमेरे, पाहुण्यांचे वाय-फाय आणि हिशेबाचे संगणक एकाच जाळ्यात नसावेत. कॅमेऱ्यातून शिरलेला मग टॅलीपर्यंत पोहोचत नाही. विभागणीमुळे प्रत्येक तुकड्याचे ‘नेहमीचे’ चित्रही साधे होते. हिशेबाच्या संगणकाने कॅमेऱ्याशी बोलण्याचे कारणच नसते.

चौथी म्हणजे आठवड्यातून अर्धा तास. सर्वाधिक माहिती बाहेर पाठवणारी पाच यंत्रे कोणती, रात्री बारा ते पाच कोण जागे होते आणि या आठवड्यात कोणता नवा पत्ता दिसला, हे तीन प्रश्न विचारायचे. संगणकांची देखभाल करणाऱ्या स्थानिक तंत्रज्ञाच्या वार्षिक करारात हे काम लिहून घेता येते. संसर्ग झालेल्या संगणकांच्या सफाईसाठी ‘सर्ट-इन’च्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची साधने मोफत आहेत. पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर तातडीने तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकलेले असतात.

पाचवी गोष्ट यंत्राची नाही. दुसऱ्या शनिवारी दुपारी इशारा आला, तर तो कोणाच्या फोनवर वाजेल? तो माणूस गावाला गेला असेल तर दुसरा कोण? संशयित यंत्राची तार वरिष्ठांच्या परवानगीशिवाय काढण्याचा अधिकार त्याला आहे का? नाव, फोन नंबर आणि अधिकार या तीन ओळी कागदावर लिहून राउटरशेजारी चिकटवायला खर्च येत नाही.